मिळवलेला भात

मधुमेह झाल्याचं कळलं की माणसं आधी साखरेची चौकशी करतात. चहा बिनसाखरेचा घेता का, यंदा आंबा खाणार का, गणपतीत मोदकाचं काय करणार. गोडाची मला कधी फारशी ओढ नव्हती, त्यामुळे साखर लवकरच सुटली. अडलं ते भाताशी. वेळणेश्वरात उभा जन्म काढलेल्या बाईला ‘भात कमी करा’ म्हणून सांगणं ही केवढी मोठी मागणी आहे, याची सांगणाऱ्याला बहुधा कल्पना नसते.

गावाचं नाव काढलं की बाहेरच्यांना आठवतो तो समुद्र, माडांची रांग आणि महादेवाचं देऊळ. आम्ही राहतो ते तिथून वर, घाटी चढून, वाडीत. खाली भाताची खाचरं, वर डोंगरउताराची वरकस जमीन. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी जन्मभर शिकवलं. आजूबाजूच्या वाड्यांतली निम्मी माणसं मला अजून ‘बाई’ म्हणतात. त्यांतलीच एक आता आशाताई आहे. तिशीवरच्या सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर बघायची म्हणून ती घरोघर फिरत होती. माझ्या बोटाला सुई टोचली, पट्टीवर थेंब घेतला, यंत्राकडे बघितलं आणि म्हणाली, “बाई, जेवून किती वेळ झाला?” आकडा २६८ होता. तिने तो मला दाखवला, पण तोंडाने उच्चारला नाही. मास्तरणीला नापास झाल्याचं कसं सांगायचं, असा संकोच तिच्या चेहऱ्यावर होता.

मग चिपळूणला जाऊन उपाशीपोटीची, जेवणानंतरची आणि तीन महिन्यांची अशा सगळ्या तपासण्या केल्या. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. तेवढ्या काळात रक्तात फिरणारी साखर त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. ती किती चिकटली, यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. त्या तपासणीला एचबीएवनसी म्हणतात. साडेसहा किंवा त्याच्या वर आकडा गेला की मधुमेह. माझा ८.६ आला. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन लिहून दिलं आणि एक छापील तक्ता दिला. तक्त्यात ओट्स होते, ब्राउन राइस होता, ब्रोकोली होती, दुपारी चारला सफरचंद होतं. मी तो घडी करून पिशवीत ठेवला. आमच्या वाडीला जे दुकान आहे त्यात बटाटे, कांदे, टोस्ट आणि मेणबत्त्या मिळतात. आणि आमच्या घरात दोन्ही वेळा जेवायला बसलं म्हणजे भाताला बसलं.

त्या रात्री मी भाताऐवजी नाचणीची भाकरी भाजायला घेतली. सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांचं वय पंच्याऐंशीच्या पुढे आहे, नजर अजून चोख. पीठ बघून त्यांनी विचारलं, “ही कुणाला?” मी म्हटलं, मला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अगो, आमी नाचणी खाल्ली ती भात मिळत नव्हता म्हणून. तुला भात मिळतोय, तर तू सोडतेस?”

त्यांच्या या प्रश्नात रागाचा लवलेश नव्हता. त्यांना खरोखर समजत नव्हतं, आणि मला त्या क्षणी सांगता येत नव्हतं. डॉक्टरांच्या तक्त्यात न मावणारी ही गोष्ट आहे, म्हणून ती जरा विस्ताराने सांगते.

आमची माणसं कुळं. गाव खोताचा. रत्नागिरी जिल्ह्यात खोतीची पद्धत अशी होती की अर्धेलीने जमीन कसणाऱ्या कुळाने पिकलेल्या भाताचा निम्मा भाग खोताला घालायचा आणि वरकसच्या पिकाचा तिसरा हिस्सा. निम्म्या भातातून बियाणं बाजूला काढायचं, देणी फेडायची, मग जे उरेल ते सणाला आणि आजाऱ्याला. वर्ष काढायचं ते नाचणीवर आणि वरीवर. वरकस डोंगरावर आधी भाजावळ करायची, मग पावसात वाकून रोपं लावायची, तण काढायचं, आणि कणसं भरली की वानरांपासून राखायची. सासूबाई सांगतात, त्यांच्या लहानपणी पांढरा भात पानात पडायचा तो दिवस लक्षात राहायचा. घरात कुणी तापाने पडलं तर त्याच्यासाठी कण्यांची पेज व्हायची आणि बाकीची पोरं त्या आजाऱ्याचा हेवा करायची.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. त्यानंतर जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्यात आमच्या जिल्ह्यातलेही शेतकरी होते. ते विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली आला, कुळकायद्याने जमिनी नावावर व्हायला १९५७ उजाडलं, आणि त्यानंतरही किती घरांना कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या ते सातबारा उताऱ्यांवर बघावं. शिवाय प्रत्येक घरातला एक पुरुष मुंबईच्या गिरणीत. माझे सासरेही लालबागला होते. मनीऑर्डर यायची, तिच्यातून रेशनचा तांदूळ यायचा. मग घिरट आणि मुसळ सुटलं, भात गिरणीत सडायला जाऊ लागला, तांदूळ पांढराशुभ्र होऊन घरी येऊ लागला. आमच्या सासूबाईंच्या पिढीला दोन्ही वेळ पोटभर पांढरा भात मिळाला तो असा, कष्टाने आणि कायद्याने. नाचणीचं पीठ घराबाहेर गेलं तेव्हा त्या पिढीने सुटकेचा निःश्वास टाकला असणार. आणि मी ते पीठ पुन्हा त्याच चुलीपाशी आणलं होतं.

भात सोडावा लागलेली माणसं खोतांच्या बाजूलाही होती. टिळकांचं घराणं दापोली तालुक्यातल्या चिखलगावचं, खोतीचं. लोकमान्यांना मधुमेह होता. १९०८ ते १९१४ या मंडालेच्या तुरुंगवासात त्यांनी तो पथ्यावर सांभाळला. भात बाजूला ठेवून जवाच्या पिठावर राहिले, आणि त्याच काळात ‘गीतारहस्य’ लिहून काढलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांचा जन्म आमच्याच तालुक्यातल्या कोतळूकचा, ९ मे १८६६ चा. वेळणेश्वर हे कितीतरी गोखले आणि गाडगीळ घराण्यांचं कुलदैवत, आजही त्यांची कुटुंबं अभिषेकाला येतात. गोखल्यांनाही मधुमेह होता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी ते गेले तेव्हा वय अवघं ४८. मुलांना टिळक-गोखल्यांचा धडा मी वर्षानुवर्षं शिकवला, त्यांचे मतभेद कोणते, मवाळ म्हणजे काय, जहाल म्हणजे काय, सगळं फळ्यावर लिहून दिलं. दोघेही एकाच दुखण्याने ग्रासलेले होते हे त्यात कधी आलं नाही. टोरांटोमध्ये इन्सुलिनचा शोध लागला १९२१ साली, ते पहिल्यांदा माणसाला टोचलं गेलं जानेवारी १९२२ मध्ये, लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या मुलाला. तोवर जगभरच्या मधुमेह्यांच्या हाती ताटाखेरीज फारसं काही नव्हतं. माझ्या हाती चांगली स्वस्त गोळी आहे, बोटावर आकडा दाखवणारं यंत्र आहे, गरज पडली तर इन्सुलिन आहे. हे आठवलं की तक्त्यावरचा माझा राग ओसरतो.

जवाची गोष्ट टिळकांनी मंडालेत शोधून काढलेली नव्हे. चरकसंहितेत प्रमेहाच्या रुग्णाला मुख्य अन्न म्हणून जवच सांगितला आहे. प्रमेह कशाने होतो याची चरकाने दिलेली यादी वाचताना मला आमचंच घर दिसलं. बसून राहण्याचं सुख, झोपेचं सुख, दही, नवं धान्य, गुळाचे पदार्थ. नवा तांदूळ आणि गूळ म्हणजे तर कोकणातला प्रत्येक सण. सुश्रुताने आणखी पुढे जाऊन ज्याच्याकडे पैसा नाही अशा रुग्णाला शंभर योजनं पायी चालायला किंवा विहीर खणायला सांगितलं आहे. आमच्या आज्या डोक्यावर भारा घेऊन घाटी चढत-उतरत होत्या, विहिरीचं पाणी वर आणत होत्या, वरकसात दिवसभर वाकत होत्या. त्यांच्या अंगातून ते कष्ट गेले ही चांगलीच गोष्ट झाली. पण कष्ट गेले आणि भात वाढला हे दोन्ही एकाच पिढीत झालं, आणि शरीराला त्याची तयारी करायला वेळ मिळाला नाही.

“तुम्ही कुठे जाड आहात?” हे मला अजून ऐकावं लागतं. मी जाड नाही, खरंच. आमच्या वाडीत बहुतेक जण काटकच आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची साखर वाढलेली आहे. याचं उत्तर पुण्यात शोधलं गेलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपल्याकडची बाळं जन्मतः वजनाने कमी, स्नायूंनी बारीक, पण चरबीच्या बाबतीत मात्र तितकी मागे नसतात असं त्यांना आढळलं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक (बीएमआय) एकच, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या अंगात लपलेली ही चरबी, आणि साखर साठवून घ्यायला अपुरे पडणारे स्नायू. ज्या आईच्या पोटात पुरेसं अन्न नव्हतं तिच्या बाळाचं शरीर टंचाईच्या हिशेबाने घडतं, आणि पुढे त्याला पोटभर मिळालं की ते शरीर अडखळतं. भात मिळवायला झगडलेल्या माणसांच्याच लेकरांना भात सोसत नाही, असा याचा अर्थ. मला हा अन्याय वाटतो. तो कुणा एकाने केलेला नाही, म्हणून कुणाशी भांडताही येत नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत देशात दहा कोटींवर मधुमेही असल्याचं दिसलं, आणि राज्यांमध्ये सगळ्यात वरचं प्रमाण गोव्याचं निघालं, २६.४ टक्के. गोवा म्हणजे आमच्यासारखंच ताट. भात, मासळी, नारळ. मी तो आकडा वाचला तेव्हा मासळी आणि नारळ यांच्यावर माझा संशय गेला नाही.

आता नाचणीचं. सगळीकडे तिचे गोडवे गायले जातात, मधुमेह्याने नाचणी कितीही खावी असं लोक बिनदिक्कत सांगतात. तसं नाही. मध्यम भाकरीला पन्नासेक ग्रॅम पीठ लागतं, त्यात पस्तीसेक ग्रॅम पिष्ट असतं. दीडशे ग्रॅम शिजवलेल्या भातात चाळीसेक ग्रॅम. फरक आहे तो कोंड्याचा, चावण्याचा, आणि पोटात ते किती सावकाश उतरतं याचा. मी घरी यंत्र आणलं. बोटाच्या मधोमध टोचलं तर दिवसभर दुखतं, कडेला टोचायचं. पहिला थेंब पुसायचा, दुसरा पट्टीच्या टोकाला लावायचा, तो आपोआप आत ओढला जातो. एका सकाळी नाचणीचं सत्त्व दुधात शिजवून प्यायले. दोन तासांनी आकडा २१४. सत्त्व म्हणजे नाचणी भिजवून, वाटून, गाळून कोंडा टाकून दिलेला मऊ भाग. तान्ह्या बाळाला उत्तम, मला नाही. दुसऱ्या एका दिवशी दुपारी त्याच नाचणीची एक भाकरी, टाकळ्याची भाजी आणि कुळथाचं घट्ट पिठलं खाल्लं. आकडा १५२. नाचणी तीच, माणूस तोच. त्या दिवशी मला कळलं की धान्याचं नाव बदलून भागत नाही, ताटात त्याच्यासोबत काय आहे आणि आधी काय खाल्लं हे बघावं लागतं. अमेरिकेत कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. अल्पना शुक्ला आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली हेच मोजून दाखवलं होतं. तेच पदार्थ, तितकेच, पण भाजी आणि प्रथिनं आधी खाऊन पिष्ट शेवटी खाल्लं तर जेवणानंतरची साखर बरीच कमी चढते.

ही भाकरी करणं मी नव्याने शिकले. नाचणीच्या पिठाला चिकटपणा नसतो, थंड पाण्यात मळलं तर थापताना कडा फाटतात. पाणी उकळून, चिमूट मीठ टाकून, त्यात पीठ सोडायचं आणि झाकण ठेवायचं. उकड निघाली की हाताला सोसेल तितकी गरम असतानाच तळव्याच्या उंचवट्याने रेटून मळायची. बिडाचा तवा चांगला तापवायचा, भाकरी टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या आत उलटायची. नंतर निखाऱ्यापुढे उभी करायची म्हणजे टम्म फुगते. हे मी कुणाकडून शिकले असेन? पहिल्या आठवड्यात फाटक्या भाकऱ्या बघून सासूबाईंनी परात माझ्या हातातून ओढून घेतली. “उकड तरी धड काढ,” म्हणाल्या. त्यांचे हात इतक्या वर्षांनीही विसरले नव्हते. भाकरी तव्यावर फुगली, त्यांनी ती माझ्या ताटात टाकली आणि स्वतःसाठी भात वाढून घेतला.

भात मी पूर्ण सोडलेला नाही. दुपारी एक वाटी, तीही जेवणाच्या शेवटी, आमटीत किंवा कढणात कालवून. त्याआधी पालेभाजी, काकडी, बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण. वाटी ठरलेली आहे, स्टीलची, उथळ. तांदूळ हातसडीचा मिळाला तर हातसडीचा, नाहीतर उकडा. रात्री भाकरी. ज्यांना दोन वेळच जेवायचं आणि मध्ये काही नाही ही डॉ. दीक्षितांची पद्धत जमली, अशी माणसं माझ्या ओळखीत आहेत. मला ती जमली नाही. कुणाला जमत असेल त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून करावी, गोळ्यांचं प्रमाण बदलावं लागू शकतं.

मासळीवाली आठवड्यातून दोन-तीनदा येते. तारली, बांगडा, कधी मोरी. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मग सुकं. आणि नेमक्या त्याच दिवसांत डोंगर भाज्यांनी भरून येतो. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कर्टुली. ज्यांना ब्रोकोली मिळत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. कुळथात शंभर ग्रॅममागे वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं आहेत आणि तो आमच्या खाचरात भाताच्या मागून, उरलेल्या ओलीवर येतो. कुठल्याही छापील तक्त्यात मला कुळीथ सापडला नाही. माझ्या मते कोकणातल्या मधुमेह्याच्या तक्त्याची सुरुवात त्याच्यापासून व्हायला हवी.

घरातलं जेवण आपल्या हातात असतं. दुसऱ्याच्या दारातलं नसतं. वाडीत कुणाकडे गेलं की चहा येतो, आणि मास्तरीणबाई आल्या म्हटल्यावर तो जास्त गोड येतो. आमच्या लहानपणी साखर पावकिलोच्या पुडीत यायची. घरातली माणसं गुळाचा कोरा चहा प्यायची, साखर पाहुण्यासाठी राखलेली असायची. ज्या घरात ती जपून वापरली जाते तिथेच पाहुण्याच्या कपात चमचा उलटा होतो. मागे माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी गेले होते. त्याच्या आईला म्हटलं, मला बिनसाखरेचा दे. ती चुलीपासून उठून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, “बाई, साखर हाय हो घरात.” तिला वाटलं, मी तिची गरिबी सांभाळून घेतेय. मी तिला बसवून सगळं सांगितलं, दुखणं, आकडा, गोळी. तिचा विश्वास बसला, पण हात रिकामे राहिले. माझ्यापुढे काय ठेवायचं ते तिला सुचेना, आणि मला तिची ती घालमेल बघवेना.

तेव्हापासून मी नाही म्हणत नाही, मागून घेते. उंबरठ्याच्या आत पाऊल टाकतानाच सांगते, आज मला ताक हवंय, किंवा आगळात मीठ-जिरं घालून पाणी दे, किंवा शहाळं काढलं असेल तर मलईच दे थोडी. बायका लगबगीने उठतात. गड्याला माडावर चढवायला निघालेल्यांनाही मी थांबवलं आहे. आहारतज्ज्ञांना हा किरकोळ प्रश्न वाटेल, पण खेड्यातली किती पथ्यं याच एका कपाशी मोडतात हे त्यांनी येऊन बघावं.

सणांचं गणित वेगळं. महाशिवरात्रीला वेळणेश्वराची यात्रा असते, सगळं गाव उपास करतं. उपासाला साबुदाणा, रताळी, वरी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. मधुमेही माणूस श्रद्धेने उपास करतो आणि नेमकी त्या दिवशी त्याची साखर सगळ्यात वर जाते. मी त्या दिवशी शेंगदाण्याची आमटी, काकडी, दही आणि वाटीभर वरी एवढ्यावर राहते. जे इन्सुलिन घेतात किंवा ज्यांच्या गोळ्या सल्फोनिलयुरिया गटातल्या आहेत त्यांनी मात्र निरंकार करू नये, साखर एकदम खाली जाऊन माणूस कोसळू शकतो. उपासाच्या दिवशी थोडं खाऊन गोळी घेतलेली देवाला चालते. आमच्या गुरवांनी स्वतः मला तसं सांगितलं, आणि त्यांच्या या बोलण्याने वाडीतल्या दोघी-तिघींनी उपासाच्या दिवशी गोळ्या घेणं सुरू केलं.

गणपतीत विरारहून दिरांचं कुटुंब येतं, घर भरतं. उकडीचे मोदक होतात. मी एक खाते, आणि त्या वेळी भाताची वाटी घेत नाही. ऋषिपंचमीचा दिवस माझ्यासाठी वर्षातला सगळ्यात सोपा. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही हा दंडक, म्हणून परसातल्या आणि रानातल्या भाज्यांची ऋषीची भाजी. अळू, माठ, सुरण, भोपळा, पडवळ, मक्याचे तुकडे, आंबटपणाला अंबाडे. मूळ रीत शुचितेची असेल, पण ते ताट बघितलं की वाटतं, कुणीतरी आपल्यासाठी विचार करून ठेवलाय. हापूसचं सांगायचं तर मे महिन्यात अर्धा आंबा, जेवणासोबत नाही, मधल्या वेळेला. ज्याच्या दारात कलमं आहेत त्याला आंबा पूर्ण बंद करा म्हणणारा डॉक्टर त्याचा विश्वास गमावतो. मग तो माणूस चोरून चार खातो.

माझं निभावतंय त्याला एक कारण आहे, मला निवृत्तिवेतन मिळतं. वाडीत तसं सगळ्यांचं नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असा दर लिहिलेला होता. जानेवारी २०२३ पासून धान्य फुकटच मिळतं. आमच्या दुकानात येतो तो मुख्यतः तांदूळ, त्याखालोखाल गहू. तेच २०२३ हे जगाने भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. शहरात नाचणीची बिस्किटं निघाली, कुकीज निघाल्या. आणि जिथे डोंगरभर नाचणी पिकत होती तिथल्या मधुमेही बाईला फुकटचा पांढरा तांदूळ सोडून विकतची नाचणी आणा, असं सांगायची वेळ आली. आशाताई मला म्हणते, “बाई, तुम्ही सांगा ना त्यांना.” मी काय सांगू? ज्याच्या घरात पाच माणसं रेशनवर जेवतात त्याने पाचव्याची वेगळी भाकरी कुठून करायची? भरडधान्य कायद्यात आहे, ते दुकानात यायला हवं, निदान कोकणातल्या दुकानात. ही मागणी मी ग्रामसभेत मांडली आहे आणि पुढच्या ग्रामसभेतही मांडणार आहे.

वरकस पडीक आहे ते आळसाने नव्हे. माणसं मुंबईला गेली, राखणीला कुणी उरलं नाही, आणि रानडुकरं नि वानरं एका रात्रीत पीक लोळवतात. यंदा आम्ही काही जणींनी मिळून घरांच्या जवळचा एक तुकडा नाचणीला घेतला आहे. राखण पाळीपाळीने. रोपं किती अंतरावर लावायची, कणसं एकदम कापायची की पिकतील तशी खुडायची, हे आमच्यापैकी कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. ते सासूबाईंना विचारायला सगळ्या आमच्या पडवीत जमल्या. त्यांनी सगळं सांगितलं, तण कधी काढायचं, राब कुठे करायचा, बी कसलं घ्यायचं. आणि मग म्हणाल्या, “पण पोरांना भात घाला हां.”

माझी तीन महिन्यांची सरासरी आता सातच्या खाली आहे. सासूबाईंची साखर आशाताईने दोनदा बघितली, ती अगदी नीट आहे. त्यांना मी दोन्ही वेळा भातच वाढते, मऊ, वरून कढत आमटी घालून. त्यांची साखर वाढलेली असती तरी या वयात त्यांच्या ताटातला भात काढायला माझा हात धजावला नसता.